एका अक्षराची नोंद

गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याच्या काढणीचे दिवस होते. कळवणच्या बाजारपेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारी पन्नाशीचा एक शेतकरी आला. सुरगाण्याच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने एक कागद काढला आणि म्हणाला, ''भाऊ, झेरॉक्स नको. वाचून सांगा.'' तो त्याच्या मुलीच्या रक्ततपासणीचा अहवाल होता. त्यात दोनच अक्षरे महत्त्वाची होती : 'एएस'. मुलीचे लग्न जमले होते. घरात आठ दिवस भांडण चालले होते. त्याची म्हातारी आई सुनेला म्हणत होती, ''तुझ्या माहेरचं रक्त खराब.'' त्याचे दोनच प्रश्न होते. हे आमच्यातच का? आणि हे आले कुठून?

मी शास्त्राचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले ते सुटलेच. पण दुकानात दिवसभर लोकांचे कागद हाताखालून जातात. अशा अहवालांची संख्या वाढू लागली, तेव्हापासून सिकलसेलविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. सजीवाची पेशी जनुकातली सूचना वाचून प्रथिन कसे तयार करते, हे विसाव्या शतकातले एक मोठे शोधकार्य. त्याच्या काही महत्त्वाच्या पायऱ्या याच आजाराच्या रुग्णांच्या रक्तावर उभ्या आहेत. ज्ञान त्यांच्या रक्तातून निघाले. ते ज्ञान त्यांच्या पाड्यापर्यंत परत यायला मात्र फार वर्षे लागली. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

आधी पेशीतला कारभार समजून घेऊ. जमिनीच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो अवघड वाटणार नाही. कचेरीतले मूळ दप्तर बाहेर जात नाही. आपल्याला हवी असते त्या पानाची नक्कल मिळते आणि पुढची कामे नकलेवर होतात. पेशीतही तसेच. डीएनए हे मूळ दप्तर पेशीच्या केंद्रकात राहते. त्यात चारच अक्षरे आहेत : ए, टी, जी आणि सी. एखादे प्रथिन हवे असेल तर त्यासाठीच्या जनुकाची नक्कल निघते. हा झाला एमआरएनए. करोनाच्या लशींमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. नकलेत 'टी'च्या जागी 'यू' हे अक्षर येते, एवढाच लिपीतला फरक.

ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या कणांवर चढते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचतो. प्रत्येक तीन अक्षरी शब्दाचा अर्थ एक ठरावीक अमिनो आम्ल. अमिनो आम्ले वीस प्रकारची असतात आणि प्रथिन म्हणजे त्यांची माळ. प्रत्येक मणी योग्य शब्दासमोर आणून देण्याचे काम टीआरएनए नावाचे छोटे रेणू करतात. त्यांच्या एका टोकाला शब्द ओळखण्याची खूण असते, दुसऱ्या टोकाला मणी. रायबोसोम मणी ओवत जातो. थांबण्याचा शब्द आला की माळ सुटते, आपोआप घडी घालते आणि कामाला लागते.

आपले रक्त लाल करणारे हिमोग्लोबिन अशा चार माळांचे बनलेले असते. दोन अल्फा माळा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या. दोन बीटा माळा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. मूळ दप्तरात एक अक्षर चुकले तर ती चूक प्रत्येक नकलेत उतरणार आणि प्रत्येक माळेत दिसणार, हे उघड आहे. सिकलसेलमध्ये नेमके हेच होते. बीटा माळेच्या जनुकात एका ठिकाणी 'जीएजी' असायला हवे, तिथे 'जीटीजी' असते. त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हा मणी ओवला जातो. १४६ मण्यांपैकी एक.

पण तो एक मणी स्वभावाने निराळा. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलीन तेलकट, पाण्यापासून दूर पळणारे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की असे तेलकट डाग असलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब दोर बनतात. मऊ, गोल तांबडी पेशी त्या दोरांनी ताणली जाऊन वाकते. कांद्याची पात कापायच्या विळ्यासारखा तिचा आकार होतो. अशा ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, छाती, पाठ यांत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे, मूल वारंवार आजारी.

हे सगळे आज दोन परिच्छेदांत सांगता येते. जगाला ते कळायला साठ वर्षे लागली.

१९०४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला. त्या वर्षाच्या अखेरीस तो आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याला लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही माहिती छापली. वैद्यकाच्या इतिहासात या आजाराची पहिली नोंद हेरिक यांच्या नावावर आहे. त्यांच्या लेखात रुग्णाचे नाव नव्हते. नोएल पदवी घेऊन ग्रेनाडाला परतला, तिथे त्याने दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने तो वारला. त्याचे नाव अभ्यासकांनी पुढे कितीतरी वर्षांनी शोधून काढले.

दुसरी पायरी १९४९ ची. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी इटानो, सिंगर व वेल्स यांनी निरोगी माणसाचे आणि सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले. म्हणजे त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा होता. ज्यांना त्रास नव्हता, पण पेशी वाकण्याचा गुण होता, अशा वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन निघाले. पॉलिंग यांनी या आजाराला 'रेणूचा आजार' म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूतल्या बदलापर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिलीच वेळ. आज कळवणच्या मुलीच्या अहवालात 'एएस' लिहिले जाते, तेव्हा 'ए' म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन आणि 'एस' म्हणजे सिकल. इलेक्ट्रोफोरेसिस नावाची जी तपासणी होते, ती मुळात पॉलिंग यांच्याच पद्धतीची आहे.

तिसरी पायरी केंब्रिजची. व्हर्नन इंग्राम या तरुण संशोधकाने हिमोग्लोबिनचे पाचक रसाने तुकडे केले आणि ओल्या कागदावर ते पसरवले. तुकड्यांचे ठिपके उमटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जुळत होते, फक्त एक सरकलेला होता. १९५६ मध्ये त्यांनी हे जाहीर केले आणि १९५७ मध्ये त्या तुकड्यातला बदललेला मणी ओळखला : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. ऋणभाराचा मणी गेला म्हणून पॉलिंग यांचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकत होते, हाही उलगडा झाला.

या शोधाचे महत्त्व एका आजारापुरते नव्हते. डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली होती, पण त्यातल्या अक्षरांचा उपयोग काय, हे ठरायचे होते. जनुकातल्या अक्षरांचा क्रम प्रथिनातल्या मण्यांचा क्रम ठरवतो, हे फ्रान्सिस क्रिक यांनी सप्टेंबर १९५७ मध्ये लंडनच्या व्याख्यानात मांडले. जनुकातला बदल प्रथिनातल्या एकाच मण्यावर दिसतो, याचा हाताशी असलेला ठोस पुरावा म्हणजे इंग्राम यांचा सरकलेला ठिपका. तो ज्या रक्तातून आला, ते सिकलसेलच्या रुग्णांचे होते.

हिमोग्लोबिनची मदत इथे थांबली नाही. माळ एका टोकापासून क्रमाने ओवली जाते की तुकडे तयार करून जोडले जातात, हा प्रश्न हॉवर्ड डिंट्झिस यांनी १९६१ मध्ये सोडवला. सशाच्या अपरिपक्व तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन बनताना त्यांनी किरणोत्सारी मणी सोडले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे माळ वाढते हे दाखवले. त्याच वर्षी मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिक मॅथाई यांनी फक्त 'यू' या अक्षराचा कृत्रिम आरएनए पेशीच्या रसात टाकला. फेनिलॅलनीन या एकाच मण्याची माळ बाहेर आली. म्हणजे 'यूयूयू'चा अर्थ फेनिलॅलनीन. पेशीच्या भाषेतला हा पहिला शब्द माणसाला वाचता आला.

उरलेले शब्द वाचण्यात आपल्याकडच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. मुलतानकडच्या रायपूर या लहानशा गावात तलाठ्याच्या घरी जन्मलेले हरगोबिंद खुराना. ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत बनवून त्यांनी शब्दांचे अर्थ पक्के केले. १९६६ पर्यंत चौसष्टही शब्दांचा तक्ता पूर्ण झाला. त्यातले ६१ मण्यांचे, तीन थांबण्याचे. त्या तक्त्यात नकलेतला 'जीएजी' म्हणजे ग्लुटामिक आम्ल आणि 'जीयूजी' म्हणजे व्हॅलीन. एक अक्षर बदलले की मणी बदलतो. इंग्राम यांचा ठिपका आता अक्षरांत वाचता येऊ लागला. १९६८ चे नोबेल खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून दिले गेले. पुढे रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात वाढलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. पेशीतल्या या कारखान्याच्या इतिहासात भारताची नावे अशी दोन्ही टोकांना आहेत.

आता आपल्या डोंगरांकडे वळू.

भारतात सिकलसेलची नोंद झाली १९५२ मध्ये. हर्मन लेमन आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये वाहक शोधले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांतही हा आजार आढळल्याचे छापून आले. महाराष्ट्रातली महत्त्वाची नोंद १९५८ ची : नागपूरचे शुक्ला, सोलंकी आणि त्यांचे सहकारी यांनी विदर्भातल्या रुग्णांविषयी लिहिले. इंग्राम यांना बदललेला मणी सापडल्यानंतर वर्षभरातच आपल्या राज्यातले रुग्ण वैद्यकाच्या नियतकालिकांत पोहोचले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे आपल्याकडे माहिती नव्हती असे म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या काळात उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी भागासाठी चिकाटीने काम केले ते पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाशी जोडलेल्या डॉ. सुदाम काटे यांनी. पाड्यापाड्यांत जाऊन त्यांनी तपासण्या केल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ च्या एका लेखात त्यांनी आणि लिंगोजवार यांनी राज्याचे चित्र मांडले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या समाजांत या गुणाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान आढळल्याचे त्यांनी नोंदवले. सगळ्या आदिवासी जमातींत प्रमाण सारखे नाही, ही त्यातली तितकीच महत्त्वाची बाजू. 'आदिवासी म्हणजे सिकलसेल' असे सरसकट बोलले जाते, ते आकड्यांना धरून नाही. विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही तो आहे. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही आहे.

मग तो अशाच काही भागांत का? याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. अशा संरक्षणाची कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्येच थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडली होती. तेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले मरत होती, तिथे 'एएस' मूल जगण्याची शक्यता अधिक होती. 'एसएस' मूल मात्र आजाराने जात होते. जंगलातल्या माणसांनी हिवतापाशी झगडून जे संरक्षण मिळवले, त्याची ही किंमत. रक्त 'खराब' असते तर ते इतक्या पिढ्या टिकलेच नसते.

ते कुठून आले, याचाही शोध घेतला गेला. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासल्या आणि भारत-अरबस्तानातला हा बदल आफ्रिकेहून स्वतंत्रपणे झाला असावा, असे मांडले. अलीकडे संपूर्ण जिनोमच्या अभ्यासातून सर्वांचे मूळ एकच असावे असेही मत पुढे आले आहे. वाद चालू आहे. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : चूक झाली ती हजारो वर्षांपूर्वी, कुणाच्याही पापाने नव्हे, तर नक्कल उतरवताना.

इथपर्यंतचा इतिहास वाचताना मला एक विषमता सारखी बोचते. १९५७ मध्ये बदललेला मणी सापडला. हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली १९९८ मध्ये. आपल्याकडे अपंगत्वाच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला २०१६ मध्ये. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. इंग्राम यांच्या ठिपक्यापासून या मोहिमेपर्यंत ६६ वर्षे गेली.

औषधाची गोष्टही पेशीच्या याच कारभारात बसते. गर्भात असताना बाळाच्या रक्तात बीटा माळेऐवजी गॅमा माळेचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे पान जवळजवळ मिटते आणि बीटाचे उघडते. म्हणूनच सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने त्रास दिसत नाही. हायड्रॉक्सियुरिया घेतल्यावर मिटलेले पान थोडे उघडते. गॅमा माळा बनतात, चिकटण्याची क्रिया मंदावते, कळा कमी होतात. मूळ दप्तरातली चूक तशीच राहते, फक्त दुसऱ्या पानावरून काम चालवले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकीय उपचारात हेच पान कायमचे उघडे ठेवले जाते. त्याची किंमत पाड्यावरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. गोळी आणि लवकर तपासणी मात्र आवाक्यात आणता येण्यासारखी आहे. भरपूर पाणी पिणे, थंडी आणि अतिश्रम टाळणे, ताप आला की अंगावर न काढणे, लसी वेळेवर देणे, एवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतात.

पण कागद हातात आला तरी तो वाचला कसा जातो, यावर सगळे अवलंबून आहे. पेशी जशी अक्षरे वाचते तशी ती जात वाचत नाही. आपण कागदावर आधी जात वाचतो, नंतर घराणे आणि शेवटी सुनेचे माहेर.

त्या दुपारी मी त्या शेतकऱ्याला कोऱ्या कागदावर मांडून दाखवले. प्रत्येकाकडे बीटा माळेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मुलीकडे एक बरोबर आहे, एक चुकीची. ती रुग्ण नाही, वाहक आहे. कामधंदा, लग्न, मूलबाळ, सगळे करू शकते. नवरा 'एए' असेल तर तिचे एकही मूल रुग्ण होणार नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी. नवराही 'एएस' असेल तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. तेव्हा लपवू नका, मोडूही नका. मुलाची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांशी बोला.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, ''म्हणजे हे बापाकडून पण येतं?''

''येतं. तुमची तपासणी झाली आहे का?''

झालेली नव्हती. शिबिरात बायको आणि मुलगी गेल्या होत्या. तो कांद्यात होता.

पावसाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा आला. हातात तीन कागद होते. होणाऱ्या जावयाचा अहवाल 'एए'. बायकोचाही 'एए'. तिसरा त्याचा स्वतःचा होता. त्यावर 'एएस' लिहिले होते.

''याचीच झेरॉक्स द्या,'' तो म्हणाला. ''दोन. एक फायलीला लावायची आहे. एक म्हातारीला दाखवायची आहे.''